घरचा आवाज : भाग ६ – डब्याविना स्पीकर

गेल्या आठवड्यात आपण बंद डब्याचा स्पीकर पाहिला. त्या डब्याचं मुख्य काम एकच होतं : वूफरच्या पडद्यामागून निघणारा आवाज कोंडून ठेवायचा. या आठवड्यात तो डबाच काढून टाकू. उरते एक उभी फळी, तिला पाडलेलं भोक, भोकात बसवलेला वूफर आणि सताड उघडी पाठ. छंदिष्टांच्या भाषेत याला ओपन बॅफल म्हणतात.

व्हॉल्व्हचा रेडिओ असलेल्या घरात वाढलेल्यांनी हा आवाज लहानपणीच ऐकला आहे. त्या रेडिओला पुढून कापड आणि बाजूंनी पॉलिश केलेलं लाकूड असे. मागे मात्र भोकं पाडलेला एक पुठ्ठा. त्या भोकांतून व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडे आणि स्पीकरचा मागचा आवाजही. अशा रेडिओंपैकी मर्फीचा कारखाना ठाण्यातलाच होता. त्या पेट्यांमधून निवेदकाचा आवाज छातीतून आल्यासारखा, मोकळा का वाटायचा, याचं निदान अर्धं उत्तर त्या उघड्या पाठीत आहे.

आता अडचण पाहू. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पुढची आणि मागची लाट कायम एकमेकींच्या उलट. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला, तेव्हाच या दोन लाटांमध्ये आडोसा हवा हे त्यांनी ओळखलं होतं. वरच्या स्वरांत लाटेची लांबी काही सेंटिमीटर असते, तिथे दोन फुटांची फळी पुरेसा आडोसा होते. खालच्या स्वरांची गोष्ट वेगळी. ६९ हर्ट्झच्या लाटेची लांबी पाच मीटर! तिच्यापुढे दोन फुटांची फळी म्हणजे काहीच नाही. मागची लाट कडेवरून वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते.

६९ हा आकडा मी मुद्दाम घेतला. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झवर येतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८ वर, खर्ज १०४ वर. स्पीकर बांधणाऱ्याने आधी हे आकडे कागदावर लिहावेत असं माझं ठाम मत आहे. परदेशी आराखडे बहुधा डबल बास, ऑर्गन किंवा सिनेमातले स्फोट डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. आपल्याला काय ऐकायचं आहे, त्यावरून आपली फळी ठरली पाहिजे.

हिशेब फार अवघड नाही. वूफर फळीच्या मधोमध असेल तर मागच्या लाटेला पुढच्या लाटेपेक्षा ढोबळमानाने फळीच्या निम्म्या रुंदीइतकं जास्त अंतर कापावं लागतं. दोन फुटी फळीला हे अंतर ३० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग (मुंबईच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर) या अंतराच्या सहापटीने भागला की जी कंपनसंख्या मिळते, तिथपर्यंत मागच्या लाटेमुळे तोटा होत नाही. इथे ती येते १९०. त्याखाली दर सप्तकाला ६ डेसिबल घट. पुरुष गायकाचा षड्ज अडीच डेसिबलने उतरतो, ते चालून जाईल. पण खर्ज साडेआठ डेसिबलने उतरतो, आणि ते कानाला जाणवतं.

फळी रुंद करत गेलं तर? खर्जापर्यंत काहीही गमवायचं नसेल तर रुंदी साडेपाच फूट हवी. दोन तशा फळ्या उभ्या केल्या तर खोलीत माणूस बसणार कुठे? म्हणून फळीच्या दोन्ही कडांना मागच्या दिशेने पंख जोडायचे. दहा इंचाचा पंख लावला की वळसा ३० सेंटिमीटरवरून ५५ पर्यंत जातो आणि तोटा सुरू होण्याची जागा १९० वरून १०४ वर उतरते. हा आकडा ओळखीचा वाटला ना? काळी चारचा खर्ज! म्हणजे गायिकेचा तानपुरा जवळजवळ पूर्ण मिळतो आणि पुरुषाच्या खर्जाचा तोटा सव्वातीन डेसिबलवर येतो. पंख याहून खोल करायचा मोह टाळावा. खोल पंखांच्या मधली हवा स्वतःच घुमू लागते आणि मग जो डबा नको म्हणून एवढा खटाटोप केला, तोच मागच्या दाराने परत येतो.

उरलेल्या तीन डेसिबलची काळजी मी करणार नाही. मिरजेत तानपुऱ्याला जवारी लावणारा कारागीर घोडीच्या माथ्यावर ज्या बारकाईने काम करतो, त्यामुळे तारेतून वरच्या स्वरांची भली मोठी रांग झंकारत राहते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वीच या घोडीचा अभ्यास केला होता. त्या वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खालचा मूळ स्वर जुळवून घेतो. ते वरचे स्वर स्वच्छ उमटणं जास्त महत्त्वाचं, आणि तिथे ओपन बॅफलचा हात धरणारा डबा मी स्वस्तात तरी ऐकलेला नाही. डब्यात मागची लाट आतल्या भिंतींवर आपटून पातळ पडद्यातून उशिराने बाहेर येते; इथे ती अडचणच नाही.

वूफर निवडताना दुकानदार वॅट सांगेल. ते ऐकून घ्यावं आणि तांत्रिक कागद मागावा. त्यात दोन आकडे पाहायचे : नैसर्गिक कंपनसंख्या ४० च्या आसपास आणि एकूण क्यू (त्या कंपनसंख्येवर पडदा किती सैल डोलतो याचं माप) ०.७ किंवा त्याहून जास्त. छिद्राच्या डब्यासाठी केलेल्या वूफरचा क्यू बहुधा ०.३ ते ०.४ असतो, तो उघड्या फळीवर कोरडा वाजतो. आकार बारा इंचांपेक्षा लहान नको. बंद डब्यात एक सप्तक खाली उतरून तेवढाच मोठा आवाज हवा असेल तर पडद्याला चौपट हलावं लागतं, उघड्या फळीवर आठपट. डीएसपीने, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करून, खर्ज वाढवता येतो, पण ही आठपट हालचाल शेवटी वूफरलाच करायची असते.

माझ्या आराखड्यात प्रत्येक फळीवर खाली बारा इंची वूफर आणि वर आठ इंची फुल-रेंज, म्हणजे जवळजवळ सगळे स्वर एकट्याने वाजवणारा स्पीकर, आहे. दोघांची वाटणी २०० हर्ट्झच्या आसपास करायची. म्हणजे गाणाऱ्याचा गळा बहुतांशी एकाच पडद्यातून येतो. वूफर जमिनीलगत ठेवला की खालच्या कडेची पळवाट बंद होते. फुल-रेंज बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर हवा, आणि इथे घरची सवय पाहावी : खुर्चीवर बसणाऱ्यासाठी तीन फूट, भारतीय बैठकीवर बसणाऱ्यासाठी अडीच. तो मध्यरेषेपासून दोनेक इंच बाजूला सरकवावा, नाहीतर दोन्ही कडांवरचे दोष एकाच स्वरावर जमा होतात. भोकाची मागची कड ४५ अंशांत तासून घ्यायची. अठरा मिलिमीटरच्या प्लायमध्ये न तासलेलं भोक छोट्या नळीसारखं वागतं.

लाकडाचा हिशेब छान बसतो. आठ बाय चारचं एकच अठरा मिलिमीटरचं प्लाय घ्या आणि मधोमध कापून चार बाय चारचे दोन तुकडे करा. एकातून दोन फुटी दोन फळ्या निघतात. दुसऱ्यातून दहा इंची चार पंख, वर आठेक इंचाची पट्टी उरते. तिचे पाय आणि आडवे टेकू होतात. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्यावा, तो मरीन ग्रेडचा. एमडीएफ कापायला सोपं, पण आमच्या मुंबईतल्या कांजूरमार्गच्या पावसाळ्यात त्याची कड फुगते. कापकाम ओळखीच्या सुताराकडून त्याच्या मोठ्या करवतीवर करून घ्यावं. घरी जिगसॉने फक्त गोल भोकं पाडावीत. मागे बारीक जाळी लावायला विसरू नका. उघड्या पाठीत धूळ जाते, आणि लहान मुलांची बोटंही.

आता खोली. कांजूरमार्गच्या जुन्या सोसायट्यांत काय किंवा नव्या टॉवरमध्ये काय, दिवाणखाना दहा बाय चौदाचा धरून चालू. फळीच्या दोन्ही कडांच्या रेषेत पुढची आणि मागची लाट एकमेकींना पुसतात, त्यामुळे बाजूला आवाज जवळजवळ जात नाही. दहा फुटी रुंदीत एरवी ५७ हर्ट्झच्या आसपास जी घुमघुम उठते, ती म्हणूनच फारशी उठत नाही. बाजूच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही कमी त्रास. त्याची किंमत मागच्या भिंतीशी चुकवावी लागते. स्पीकरांत स्वरांची वाटणी करणाऱ्या लिंक्विट्झ-रायली फिल्टरमुळे ज्यांचं नाव छंदिष्टांना ठाऊक आहे, त्या सीगफ्रीड लिंक्विट्झ (१९३५–२०१८) यांनी आयुष्याची अनेक वर्षं असेच स्पीकर घडवण्यात घालवली, आणि मागे मोकळी जागा सोडण्यावर त्यांचा भर असे. तीन फूट तरी सोडाच. चौदातले तीन गेले, ऐकणारा आठ फुटांवर बसला, तरी त्याच्या पाठीशी तीन फूट उरतात. आखूड भिंतीपाशी स्पीकर ठेवून लांबीच्या दिशेने वाजवले तरच हे जमतं.

ज्यांना तेवढे तीन फूट सोडणं शक्य नाही, त्यांनी हा स्पीकर बांधू नये. भिंतीला चिकटवलेल्या ओपन बॅफलमध्ये खर्जही राहत नाही आणि मोकळेपणाही. त्यांच्यासाठी गेल्या भागातला बंद डबाच चांगला. सिनेमाची धडधड हवी असणाऱ्यांनाही हेच सांगेन.

जोडणी झाल्यावर पहिली तपासणी : फक्त तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावा आणि फुल-रेंजच्या दोन तारा उलटसुलट जोडून पाहा. ज्या जोडणीत तानपुऱ्याच्या खालच्या स्वरांना भरीवपणा येतो, ती बरोबर. पुढच्या आठवड्यात मोबाइल आणि साधा मल्टिमीटर वापरून वूफरचा क्यू घरी कसा मोजायचा ते पाहू; कागद न देणाऱ्या दुकानातून माल घेतलेल्यांनी तोवर फळीला भोक पाडू नये.