बोजोले : एक प्रांत, तीन पायऱ्या

नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभरच्या दुकानांत ‘बोजोले नुव्हो’ ही नवी वाइन दाखल होते. काढणीनंतर अवघ्या काही आठवड्यांत बाटलीत उतरणारी ही वाइन इतकी गाजली, की बोजोले म्हणजे एवढेच, असा समज रूढ झाला. वस्तुत: नुव्हो हा या प्रांताचा केवळ एक प्रकार आहे.

फ्रान्समध्ये लियों शहराच्या उत्तरेस पसरलेल्या या प्रांतातील लाल वाइन ‘गामे’ या द्राक्षापासून बनते. शेजारच्या बर्गंडीतून हा वाण उपटून टाकण्याचा हुकूम ड्यूक फिलिपने १३९५ मध्ये काढला होता. बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र तो उत्तम रुजला. येथे बहुधा द्राक्षांचे अख्खे घड बंद टाकीत भरतात. तळाची द्राक्षे वजनाने फुटून आंबू लागतात आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरच्या अखंड द्राक्षांच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. परिणामी तुरटपणा कमी राहतो आणि फळांचा गंध खुलतो.

दर्जाच्या पायऱ्या तीन. नुसते ‘बोजोले’ ही पहिली. ही वाइन मुख्यत: दक्षिणेकडील चिकणमाती व चुनखडीच्या जमिनीतून येते. उत्तरेकडील ३८ गावांची ‘बोजोले व्हिलाज’ ही दुसरी. नुव्हो केवळ या दोन पायऱ्यांवरच बनते. सर्वांत वरची पायरी दहा ‘क्रू’ची. त्यांपैकी फ्लरी सुगंधी व नाजूक. मॉर्गों आणि मूलां-आ-व्हां भारदस्त, चांगल्या हंगामातील असल्यास दहा वर्षेही मुरणाऱ्या. रेन्ये हा सर्वांत नवा क्रू १९८८ मधला.

गफलत होते ती येथेच. क्रूच्या लेबलावर बहुधा गावाचेच नाव ठळक असते. ‘बोजोले’ हा शब्द अनेकदा नसतोच. त्यामुळे नुव्होची लोकप्रियता ओसरली, तेव्हा नामुष्की सगळ्या प्रांताच्या वाट्याला आली. पण उत्तम वाइनचे श्रेय प्रांताच्या नावावर जमा झाले नाही. २००१ च्या हंगामानंतर तर न खपलेली बरीच वाइन ऊर्ध्वपातनासाठी द्यावी लागली.

म्हणून बाटली घेताना नाव नीट वाचावे. नुव्हो असेल तर किंचित थंड करून काही महिन्यांतच संपवावी. मूलां-आ-व्हां असेल तर घाई करू नये.