सल्फेट, सल्फाइट की सल्फाइड? रसायनांच्या नावांतील खुणा

जठर आणि आतड्यांच्या काही विकारांचे निदान करताना रुग्णाला क्ष-किरण तपासणीपूर्वी खडूच्या पाण्यासारखे पांढरे, दाट मिश्रण पाजले जाते. रुग्णालयांत त्याला 'बेरियम मील' म्हणतात. हे मिश्रण बेरियम सल्फेटचे असते. बेरियमचे विद्राव्य क्षार मात्र विषारी आहेत. ते शरीरात शोषले गेल्यास रक्तातील पोटॅशियम झपाट्याने घटते, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके अनियमित होतात. मग रुग्ण सुखरूप घरी कसा जातो? याचे कारण असे की, बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि जठरातील आम्लातही विरघळत नाही. ते पोटात गेले तसेच बाहेर पडते.

त्याच्या जागी बेरियम कार्बोनेट आले तर? तेही पांढरे आणि तेही पाण्यात जवळपास न विरघळणारे. परंतु जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी गाठ पडताच त्याचे विद्राव्य बेरियम क्लोराइड तयार होते. हे कार्बोनेट पूर्वी उंदीर मारण्यासाठी वापरले जात असे. ब्राझीलमध्ये २००३ साली तपासणीसाठीच्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेट मिसळलेले राहिल्याने रुग्ण दगावले होते. बेरियम सल्फाइडही असेच घातक आहे, आणि 'सल्फेट' व 'सल्फाइड' या शब्दांत फरक आहे तो केवळ शेवटच्या अक्षरांचा.

ही शेवटची अक्षरे कोणी सहज जोडलेली नाहीत. अठराव्या शतकापर्यंत रसायनांना रंग, चव वा उगमस्थान पाहून नावे दिली जात. शिशाच्या एका गोड पण विषारी क्षाराला युरोपात चक्क 'शिशाची साखर' म्हणत. आपल्याकडील मोरचूद, हिराकस, नवसागर, सोरा ही नावे कानाला गोड असली, तरी त्यांवरून घटकांचा पत्ता लागत नाही. १७८७ मध्ये लाव्हाझिए, गिटाँ द मोर्व्हो, बर्थोले आणि फुरक्रॉय या चार फ्रेंच शास्त्रज्ञांनी नवी पद्धत मांडली. नाव ऐकताच पदार्थ कशाचा बनला आहे हे कळावे, हे तिचे सूत्र.

त्यानुसार 'आइड' हा प्रत्यय बहुधा दोनच मूलद्रव्यांचे संयुग दर्शवतो. सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, हे त्याचे उदाहरण. (हायड्रॉक्साइड हा परिचित अपवाद.) 'एट' आणि 'आइट' म्हटले की ऋण मूलकात ऑक्सिजन आला, 'एट'मध्ये अधिक, 'आइट'मध्ये कमी. सल्फेटमध्ये ऑक्सिजनचे चार अणू, सल्फाइटमध्ये तीन. येथे विद्यार्थी हमखास फसतात. 'एट' म्हणजे चार, असा समज करून घेतात. तसे नाही. नायट्रेटमध्ये तीनच असतात आणि नायट्राइटमध्ये दोन. प्रत्यय संख्या सांगत नाही, तुलना सांगतो. क्लोरिनच्या बाबतीत तर चार पायऱ्या आहेत: हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट, ऑक्सिजन अनुक्रमे एक, दोन, तीन, चार. यांपैकी सोडियम हायपोक्लोराइट कपड्यांच्या ब्लीचमध्ये असते, तर सोडियम क्लोरेट तणनाशक म्हणून वापरले गेले आहे.

नाव कळले की रेणुसूत्र लिहायचे. शाळेत यासाठी संयुजांचा 'तिरकस गुणाकार' शिकवला जातो. ॲल्युमिनियमची संयुजा तीन, सल्फेटची दोन. आकड्यांची अदलाबदल केली की सूत्र तयार: 'एएल२(एसओ४)३'. युक्ती सोपी आहे, पण तिच्यामागचे कारण अनेक वर्गांत सांगितलेच जात नाही. दोन ॲल्युमिनियमचे मिळून सहा धन प्रभार आणि तीन सल्फेटचे मिळून सहा ऋण प्रभार, बेरीज शून्य. एवढा हिशेब उमगला तर पाठांतराची गरज उरत नाही. बेरियम आणि सल्फेट या दोघांची संयुजा दोन असल्याने एकास एक पुरतो, म्हणून सूत्र 'बीए-एसओ४'. कंसाचेही तसेच. चुन्याच्या निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे सूत्र 'सीए(ओएच)२'. कंस गाळला तर दोनाचा आकडा केवळ हायड्रोजनला लागतो, ऑक्सिजन एकच उरतो आणि पदार्थच बदलतो.

काही धातूंना एकाहून अधिक संयुजा असतात, तेथे जुनी नावे अपुरी पडतात. लोहाच्या बाबतीत 'फेरस' म्हणजे दोन व 'फेरिक' म्हणजे तीन. तांब्याच्या बाबतीत 'क्युप्रस' म्हणजे एक व 'क्युप्रिक' म्हणजे दोन. लक्षात किती ठेवायचे? जर्मन रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी सुचवल्याप्रमाणे आता संयुजा रोमन अंकाने कंसात लिहितात. पाऱ्याचे मर्क्युरस क्लोराइड पूर्वी रेचक म्हणून दिले जाई. मर्क्युरिक क्लोराइड मात्र जहाल विष आहे.

रसायनशास्त्राची भाषा अशी काटेकोर असली, तरी बाजाराची भाषा तशी नाही. किराणा दुकानात 'सोडा' या एकाच शब्दाखाली तीन वेगळे पदार्थ खपतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. भजी कुरकुरीत होतात ती याने. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. नावातील 'हायड्रोजन' गळताच पदार्थ अधिक तीव्र अल्कधर्मी होतो, तो खाण्याचा नव्हे. तिसरा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. साबण बनवण्यासाठी आणि तुंबलेल्या मोऱ्या साफ करण्यासाठी तो वापरतात. पोटात गेल्यास तोंड आणि अन्ननलिका भाजून निघते. तिन्ही पांढरे. सुट्या स्वरूपात, कागदाच्या पुडीत बांधून आणले तर वरवर पाहून सांगता येत नाही. पुडीवर पूर्ण नाव लिहून घेणे एवढेच ग्राहकाच्या हाती आहे.