पडदा रुंद झाला, खुर्च्या रिकाम्या का?

आपल्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सहज विचारून पाहा : "आजोबा, तुम्ही पहिला सिनेमा कुठं पाहिला?" औंढा, कळमनुरी, सेनगाव, वसमत या भागातल्या खेड्यात असाल, तर उत्तर बहुधा असे येईल : "जत्रंत. तंबूत, मातीत बसून." तोच प्रश्न नातवाला विचारला, तर तो खिशातला मोबाइल काढून दाखवील. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर पडले आहे, त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. सिनेमातली चित्रे हलत नसतात, हे आपणांस ठाऊक असेलच. बोलपटाच्या फितीवर एका सेकंदासाठी २४ स्थिर चित्रे असतात. यंत्र प्रत्येक चित्र दिव्यासमोर क्षणभर थांबवते, मग झडप बंद होते आणि त्या अंधारात पुढचे चित्र खाली सरकते. आपला डोळा मधला अंधार विसरतो व त्याला सलग हालचाल दिसते. या हिशेबाने अडीच तासांच्या चित्रपटाची फीत साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरांहून लांब भरते. ती रिळांवर गुंडाळून, पत्र्याच्या डब्यांत घालून गावोगाव न्यावी लागे. छापील प्रती मोजक्याच असत. म्हणून नवा चित्रपट आधी मुंबईला, मग मोठ्या शहरांना, आणि सगळीकडे फिरून झिजल्यावर, पडद्यावर पाऊस पाडीत आमच्याकडे येई. तरी लोक गर्दी करीत. दुसरे होते काय?

आता गंमत पाहा. सिनेमाने मोठी नवी यंत्रविद्या बहुधा तेव्हाच बाहेर काढली, जेव्हा घरातल्या पडद्याची त्याला भीती वाटली. अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर शिरू लागली, तेव्हा १९५२ साली तीन यंत्रांनी एकाच वक्र पडद्यावर चित्र टाकणारा 'सिनेरामा' आला. १९५३ साली 'द रोब' या चित्रपटाने 'सिनेमास्कोप' आणला. त्याची युक्ती साधी आहे. चित्रण करताना विशेष भिंगाने चित्र बाजूंनी दाबून फितीवर बसवायचे आणि दाखवताना तशाच दुसऱ्या भिंगाने ते पुन्हा पसरायचे. फीत तीच, पडदा मात्र जवळजवळ दुप्पट रुंद! आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्त यांनी 'कागज के फूल' या पद्धतीने काढला. १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरच्या पडद्यावर झळकला.

पण एवढे करून प्रेक्षक थांबले काय? ब्रिटनमधले आकडे बोलके आहेत. तेथे १९४६ साली वर्षभरात सुमारे १६३ कोटी तिकिटे खपली होती. १९८४ साली ती साडेपाच कोटींच्या आत आली. आपल्याकडे हा फेरा उशिरा आला, कारण दूरचित्रवाणीच उशिरा आली. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले, रंग १९८२ साली आले. मग व्हिडिओ आला, केबल आली, आणि २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट इतके स्वस्त झाले की पडदा तळहातावरच आला.

याच काळात फीतही गेली. २००५ च्या सुमारास आपल्याकडे उपग्रहामार्फत चित्रपट थेट चित्रपटगृहात पोचवण्याची सोय सुरू झाली. डबे गेले, वाट पाहणे गेले. मुंबईचा चित्रपट त्याच शुक्रवारी जिल्ह्याच्या गावी दिसू लागला. आजोबांनी ज्याची आस धरली होती, ते नातवाला मिळाले. आणि नेमक्या त्याच वेळी खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या!

असे का व्हावे? माझ्या मते, नव्या यंत्राने चित्र सुधारले, पण थिएटरचा हिशेब सुधारला नाही. जुने थिएटर शेकडो खुर्च्यांचे. तीस माणसे आली तरी दिवे, पंखे, नोकर यांचा खर्च तोच. नवे यंत्र घ्यावे तर लाखांची गोष्ट. ते फेडावे तर तिकीट वाढवावे लागते. तिकीट वाढवले की मोलमजुरी करणारा माणूस आधी गळतो. त्यातच मार्च २०२० मध्ये महामारीने सारीच दारे बंद केली. मधल्या थोड्या महिन्यांचा अपवाद सोडला, तर महाराष्ट्रात ती ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली. तोवर पुष्कळांची सवय मोडली होती.

मग हे असेच चालायचे, असे म्हणून गप्प बसावे काय? मला तसे वाटत नाही. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'साठी खेड्यापाड्यांतून गाड्या भरून लोक आले. आपल्या बोलीतले, आपल्या मातीतले काही असेल, तर माणूस घर सोडतो. ब्रिटनचे उदाहरणही पुरे पाहिले पाहिजे. तेथे १९८५ साली मिल्टन कीन्स या गावी एका छपराखाली दहा लहान पडदे असलेले चित्रपटगृह निघाले. पुढे तशी गावोगाव निघाली आणि २००२ साली तिकिटांची संख्या पुन्हा साडेसतरा कोटींवर गेली. आपल्या तालुक्यांना दहा पडदे नकोत. शंभर-दीडशे खुर्च्यांचा, स्वच्छ, बायाबापड्यांना निर्धास्त बसता येईल असा एक पडदा पुरे. तिकीट झेपणारे असावे, आणि खेळ गावाकडची शेवटची एस. टी. सुटण्याआधी संपावा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण खेड्यातल्या माणसाला ती सिनेमास्कोपहून मोलाची आहे.

कोणी म्हणेल, सिनेमा घरी दिसतो, मग हा खटाटोप कशाला? कीर्तनही आज मोबाइलवर ऐकता येते. तरी एकादशीला संत नामदेवांच्या नर्सीची वाट माणसांनी भरतेच ना? एकट्याने ऐकणे निराळे आणि शेकडोंमध्ये बसून ऐकणे निराळे. तंबूतल्या मातीत पाटील आणि सालगडी एकाच विनोदाला एकाच क्षणी हसत. घटकाभरच का होईना, पण हसत. ती घटका कोणत्याही यंत्राने अजून घरपोच दिलेली नाही. म्हणून जवळ थिएटर चालू असेल, तर वर्षातून चारदा तरी सहकुटुंब जा. आणि आजोबांनाही बरोबर न्या.