ताठर समीकरणांचा मामला

संगणकाच्या पडद्यावरील आलेख काही काळ शिस्तीने मार्गक्रमण करीत असता एकाएकी करवतीच्या दात्यांप्रमाणे वरखाली उसळू लागावा, असा प्रसंग अवकल समीकरणे सोडविणाऱ्याच्या नशिबी केव्हातरी येतोच. आणि अशा वेळी प्रथम आज्ञावलीवर व मग यंत्रावर फिर्याद गुदरण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो माझ्या मते पुष्कळदा अन्यायाचा असतो. गुन्हेगार बहुधा समीकरणाच्या स्वभावातच दडलेला असतो.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. काळाच्या लहान पायऱ्या घेत उत्तराकडे सरकण्याची रीत ऑयलरने १७६८ मध्ये ग्रंथबद्ध केली; रुंगे (१८९५) व कुट्टा (१९०१) या जर्मन गणितज्ञांनी तिला अचूकपणा आणला; मॅटलॅब या गणिती संगणकप्रणालीतील ‘ओडीई ४५’ ही आज्ञावली त्याच घराण्यातील. आता माझ्या आवडीच्या ताठर समीकरणांकडे वळण्यास मी मोकळा झालो.

एखादी राशी स्वतःच्या पन्नासपट वेगाने क्षय पावते असे धरा. ऑयलरच्या रीतीने ०.०५ ची पायरी घेतली, तर दर पायरीस मागील संख्येला उणे दीडने गुणावे लागते, आणि १, −१.५, २.२५, −३.३७५ अशी, वस्तुतः शून्याकडे जाणारी राशी अनंताकडे धावू लागते. पायरी ०.०४ हून लहान ठेवणे भाग पडते; आणि गंमत अशी की, ती राशी नामशेष झाल्यावर, इतर सर्व घटक संथपणे बदलत असतानाही, ही जाचक अट उठत नाही. समीकरणाचा ताठरपणा म्हणतात तो हाच. कर्टिस व हर्शफेल्डर यांनी १९५२ मध्ये यावर उपाय दाखविला तो असा की, पुढील मूल्य काढताना उतार मागचा न घेता पुढचाच घ्यावा. मग गुणण्याऐवजी ३.५ ने भागावे लागते, व राशी निमूटपणे लोप पावते. दर पायरीला एक समीकरण सोडविण्याचा भुर्दंड तेवढा पडतो; परंतु ‘ओडीई १५ एस’सारख्या आज्ञावली तो बिनतक्रार सोसतात.

हल्लीच्या आज्ञावली पायरी आपणच लहानमोठी करीत असल्यामुळे ताठरपणा स्फोटाने नव्हे, तर विलंबाने उघड होतो. आलेख गुळगुळीत असूनही पायऱ्यांची संख्या अफाट असेल, तर रीत बदलावी. मात्र पायरी एकाच क्षणापाशी आकसत गेली, तर तेथे एखादी झडप एकदम उघडली आहे काय, अथवा उत्तरच अनंताला भिडत आहे काय, याची आधी चौकशी करावी. आपल्या वर्गाइतक्या वेगाने वाढणारी राशी १ पासून निघाली, की काळ १ होताच अनंत होते. तेथे कोणतीही रीत काय करणार?

परिचयाच्या एका रसायन अभियंत्याकडे गेलो असता रॉबर्टसनचे १९६६ चे प्रसिद्ध उदाहरण त्यांच्या पडद्यावर होते. त्यात तीन पदार्थ असून अभिक्रियांचे स्थिरांक ०.०४, दहा हजार आणि तीन कोटी असे विषम आहेत. रीत योग्य निवडूनही दीर्घ मुदतीच्या हिशेबात मधल्या पदार्थाचे प्रमाण ऋण होऊन भलतीकडे भरकटले होते. तिन्ही पदार्थांची बेरीज बरोबर १ येत असल्याने गृहस्थ निर्धास्त होते. पण तो दाखला कुचकामाचा, कारण अशी साधी बेरीज या रीती चुकीच्या उत्तरातही राखतात! त्या मधल्या पदार्थाचे प्रमाण आरंभीच जेमतेम ०.००००३६५ पर्यंत चढते आणि पुढे दशलक्षांशाच्याही खाली जाते, तर आज्ञावलीने चुकीस दिलेली सरसकट मुभाच दशलक्षांशाची होती. त्या एका पदार्थापुरती मुभा पुष्कळ आवळली, आणि वक्ररेषा सुतासारखी सरळ आली.

आरंभीची माहितीही कधीकधी दगा देते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेच्या सेवेत असताना लुईस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० च्या हवामानाचे गणित हाताने केले, आणि सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबार चढेल असे असंभाव्य उत्तर मिळाले. १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते न लपविता छापले, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो. पुढे आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तेच गणित संगणकावर करून पाहिले, तेव्हा दोष वारा व दाब यांच्या मूळ निरीक्षणांतील असमतोलाचा निघाला. तो दूर करताच रिचर्डसन यांच्याच समीकरणांनी समंजस उत्तर दिले.