वाइनमध्ये एका सॉफ्टवेअरला एक घर

लॅबमधल्या उपकरणाची डेटा फाइल उघडणारं सॉफ्टवेअर विंडोजचं आणि तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स. पीएचडीला लागलात की ही अडचण कधी ना कधी येतेच. लॅबचा एकुलता एक विंडोज पीसी मिळण्यासाठी सीनियर्सच्या मागे नंबर लावायचा नसेल तर 'वाइन' शिकून घ्या.

वाइन १९९३ पासून तयार होतंय, पण १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं. यात लॅपटॉपवर दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा राहत नाही. सॉफ्टवेअर विंडोजकडे जे मागतं (फाइल उघड, खिडकी दाखव), ती मागणी वाइन पकडतं आणि लिनक्सला कळेल अशी करून देतं. म्हणजे दुभाषाच. त्यामुळे व्हर्च्युअल मशीनपेक्षा हलकं पडतं आणि विंडोजची कॉपीही लागत नाही.

आता माझा गाढवपणा सांगते. वाइनमध्ये काहीही इन्स्टॉल केलं की ते आपोआप होम फोल्डरमधल्या 'डॉट वाइन' नावाच्या लपलेल्या फोल्डरात जातं. याला प्रिफिक्स म्हणतात. खोटा सी ड्राइव्ह, रजिस्ट्री, सगळं त्यातच. माझं स्पेक्ट्रमचं सॉफ्टवेअर तिथे छान चालत होतं. मग त्याच प्रिफिक्समध्ये मी ग्राफ काढायचं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, त्यासाठी दोन-तीन डीएलएल बदलल्या, आणि पहिलं उघडेनासं झालं. प्रोग्रेस रिपोर्टला दोन दिवस उरले होते. गाईडना काय सांगणार, कप्पाळ!

म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा प्रिफिक्स. टर्मिनलमध्ये 'वाइनप्रिफिक्स' या व्हेरिएबलला नव्या फोल्डरचा पत्ता द्या आणि त्याच ओळीत पुढे 'वाइनसीएफजी' चालवा. फोल्डर तयार होतो, सेटिंगची खिडकी उघडते. विंडोजची कोणती आवृत्ती दाखवायची ते तिथेच ठरतं. एखादी लायब्ररी कमी पडली तर 'वाइनट्रिक्स'ने त्याच प्रिफिक्समध्ये घाला, मात्र एका वेळी एकच, आणि काय घातलं ते लॅब नोटबुकात लिहा. (हो, नोटबुकातच. सहा महिन्यांनी आठवत नाही.) सगळं चालायला लागलं की तो फोल्डर कॉपी करून ठेवा. मी तो ठेवला असता तर ते दोन दिवस वाचले असते.

प्रिफिक्स वेगळा म्हणजे सुरक्षित, असं मात्र समजू नका. झेड ड्राइव्हमधून विंडोजच्या सॉफ्टवेअरला तुमची अख्खी फाइल सिस्टिम दिसते. कुठूनही उचललेलं क्रॅक्ड सॉफ्टवेअर इथेही तितकंच घातक.

उपकरण थेट जोडून रीडिंग घ्यायचा बेत असेल तर वाइनच्या नादी लागू नका. उपकरणांचे विंडोज ड्रायव्हर यात सहसा चालत नाहीत. रीडिंग विंडोज पीसीवर घ्या, अ‍ॅनालिसिस इकडे करा.

आणि पहिल्याच दिवशी एक जुनी फाइल दोन्हीकडे उघडून पीकची जागा आणि क्षेत्रफळ ताडून बघा. आकडे जुळल्याशिवाय वाइनमधला एकही आलेख थिसिसमध्ये घेऊ नका.