लक्ष कुठंय?

संध्याकाळी सात रस्ता चौकात कडेला नुसतं उभं राहून पाहा. सातही बाजूंनी हॉर्न आणि रिक्षा. पलीकडे जायचं तर लक्ष लागतं. मराठीत ‘लक्ष’ म्हणजे ध्यान आणि ‘लक्ष’ म्हणजे लाखही. शब्दांचा योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण लक्ष आणि पैसा यांचं नातं एकदा चक्क उसाच्या फडात मोजलं गेलं आहे. आपल्या ऊसवाल्या जिल्ह्याला ही गोष्ट लगेच कळेल.

तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची चाचणी संशोधकांनी दोनदा घेतली: तोडीआधी आणि तोडीनंतर. तोडीआधी 78 टक्के जणांचं काही ना काही गहाण होतं, नंतर फक्त 4 टक्के जणांचं. आणि आकृत्यांची कोडी? त्याच माणसांनी तोडीनंतर सरासरी पाव पट जास्त सोडवली! तोच माणूस, तेच डोकं. ऋतूचा परिणाम म्हणावा, तर तोडीची पाळी कारखाना लावतो. त्यामुळे एकाचा ऊस गेलेला असतो तेव्हा शेजाऱ्याचा फडात उभाच असतो. ऊन दोघांवर सारखंच. 2013 साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. संशोधकांचं म्हणणं असं, की तंगीत डोकं कमी होत नाही, ते आधीच कामाला जुंपलेलं असतं. (अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर असंच तपासलं, तर फरक दिसला नाही. वर्षाची ओढाताण आणि पंधरवड्याची चणचण या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, असं मला वाटतं.)

आता बीडी वळणाऱ्या आईचा मुलगा अभ्यासाला बसलाय असं समजा. पुस्तक उघडं, पण आज हजार बीड्या पुऱ्या झाल्या का, हा हिशोब मागं चालूच. आपण त्याला म्हणतो, “लक्ष कुठंय तुझं?”

यावर उपाय म्हणून श्वासाकडं पाहायला शिकवतात. इगतपुरीला 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात आणि ‘मित्र उपक्रमा’तून आनापान, म्हणजे हे श्वासाकडं पाहणं, आपल्या शाळांतही पोचलं. शांत बसण्याचा गुण मी नाकारत नाही. पण ब्रिटनमध्ये आठ हजारांवर शाळकरी मुलांवर सजगतेच्या वर्गांचा प्रयोग झाला आणि 2022 मध्ये निकाल लागला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. करणार कधी, आणि गजबजलेल्या एका खोलीत कुठं?

उलट, घरात पैसाच आला तर? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू असतानाच, चेरोकी आदिवासींच्या वस्तीत कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा घरोघरी येऊ लागला. जी घरं गरिबीतून वर आली, तिथल्या मुलांची चिडचिड, भांडणं, बंडखोरी चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. त्यांना श्वास मोजायला कुणीही शिकवलं नव्हतं.