गळ, आमिष आणि ऋतू

अंधेरीहून पवईमार्गे विक्रोळीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलात, तर वाटेत पवईचा तलाव लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९१ च्या सुमारास, ओढ्याचे पाणी बांध घालून अडवले आणि हा तलाव तयार झाला. गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांची 'महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन' ही जुनी संस्था याच तलावाच्या काठी आहे. हातात लांब काठी घेऊन, पाण्याकडे एकटक बघत बसलेली माणसे तुम्ही कधी पाहिली आहेत का? त्यांतील एखाद्याची पिशवी तासाभरात जड होते. शेजारी बसलेला दुसरा मात्र संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातो. पाणी एकच, काठीही सारखीच. मग हा फरक कशामुळे पडतो?

लोक म्हणतात, नशीब! पण नशिबापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे आमिष आणि दुसरी म्हणजे ऋतू.

आधी काही शब्द समजून घेऊ. उर्दूत आपण ज्याला मछली पकडण्याचा 'कांटा' म्हणतो, त्याला मराठीत 'गळ' म्हणतात. कोकणात 'गरी' हा शब्दही चालतो. मराठीत 'काटा' म्हणजे बाभळीचा काटा किंवा माशाच्या अंगातील काटा. गळाला लावतात तो खाऊ म्हणजे 'आमिष'. उर्दूत आपण त्याला 'चारा' म्हणतो. पण मराठीत गाईम्हशी खातात तो चारा! म्हणून 'मी माशाला चारा लावला' असे म्हटलेत, तर ऐकणारा हसेल. एखादा माणूस लालचीने फसला, तर 'तो गळाला लागला' असे म्हणतात. हा वाक्प्रचार इथूनच आला आहे.

गळाचे साहित्य साधे असते. एक काठी, तंगुसाची म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, दोरीच्या टोकाला गळ, गळ खाली जावा म्हणून शिशाचा लहान तुकडा आणि पाण्यावर तरंगणारे हलके बूच. माशाने आमिष ओढले की बूच बुडते. तेवढ्यात काठीला हलका झटका द्यायचा.

पण आमिष किती खोल सोडायचे? याचे उत्तर माशाच्या तोंडावर लिहिलेले असते. कटला माशाचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी, चिखलाजवळ अन्न शोधतो. या तिघांसाठी कणीक, भाजलेले बेसन किंवा शेंगदाण्याची पेंड मळून गोळ्या करतात. वास यावा म्हणून कोणी त्यात बडीशेपेची पूड घालतात, तर कोणी वेलची. प्रत्येकाचे काही गुपित असते आणि ते विचारले, तर तो नुसता हसतो. चिलापी, म्हणजेच तिलापिया, हा मासा मात्र फार नखरे करत नाही. पाव, कणीक, गांडूळ, जे मिळेल ते तो खातो. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आता आपल्या तळ्यांत सगळीकडे पसरला आहे.

आता ऋतूंकडे वळू. माणसाचे शरीर थंडीतही गरम राहते. माशाचे तसे नाही. जसे पाणी, तसे माशाचे शरीर. हिवाळ्यात पाणी थंड झाले की मासा मंद होतो आणि कमी खातो. त्या दिवसांत भल्या पहाटे जाऊन उपयोग नसतो. ऊन चांगले वर आल्यावर, उथळ पाणी थोडे कोमट झाल्यावर बसावे. आमिष लहान आणि मऊ ठेवावे, कारण मासा ते हळूच तोंडात घेतो.

उन्हाळ्यात उलटे घडते. पाणी आटते आणि तापते. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. म्हणून दुपारी मासे सावलीत किंवा खोल जागी जातात आणि खाण्याकडे लक्ष देत नाहीत. या दिवसांत सकाळची आणि संध्याकाळची वेळ चांगली.

पावसाळ्यात पाणी गढूळ होते. माशाला नीट दिसत नाही. तो वासावर अन्न शोधतो. शिवाय पावसाच्या पाण्याबरोबर मातीतील गांडुळे वाहून येतात आणि मासे त्यांची वाटच पाहत असतात. म्हणून पावसाळ्यात गांडुळासारखे दुसरे आमिष नाही.

हा नियम केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 'क्रॅपी' नावाचा मासा फार लोकप्रिय आहे. वसंत ऋतूत पाणी कोमट झाले की तो अंडी घालण्यासाठी काठाजवळ उथळ पाण्यात येतो. उन्हाळ्यात तो खोल पाण्यात जातो. उत्तरेकडच्या भागात हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात! लहानसा जिवंत मासा हे त्याचे आवडते आमिष. देश बदलला, मासा बदलला. पण ऋतू ओळखल्याशिवाय तिथेही मासा मिळत नाही.

मित्रांनो, इथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल की मासा कुठे आणि केव्हा सापडतो हे कळले, म्हणजे सारे आले. लहानपणी मलाही असेच वाटत होते.

माझे मामू भिवंडीजवळच्या एका गावात राहत. पावसाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. शेताच्या कडेला एक डबके होते. पाण्यावर लालसर ठिपक्यांचा एक पुंजका हलताना दिसला. नीट पाहिले, तर ती मरळ माशाची शेकडो पिल्ले होती. मरळीची पिल्ले लहानपणी तांबूस असतात आणि थव्याने राहतात. आईबाप त्यांच्या खालीच राहून राखण करतात. पिल्लांजवळ काही पडले, की मोठा मासा त्यावर झडप घालतो. ही गोष्ट मी गावातल्या मुलांकडून ऐकली होती. मी गांडूळ लावले आणि गळ नेमका त्या पुंजक्यात टाकला. क्षणात बूच बुडाले. हातभर लांबीची मरळ हाती आली! मी नाचतच घरी गेलो. नानीने कालवण केले आणि सर्वांनी माझे कौतुक केले. मामू मात्र काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी मी पुन्हा डबक्यावर गेलो. तांबूस पुंजका कुठेच नव्हता. काठावर दोन बगळे आरामात उभे होते. मी मामूंना विचारले, "पिल्ले कुठे गेली?"

मामू म्हणाले, "बेटा, घराचा रखवालदार तू नेलास. मग घर कसे राहणार?"

त्या दिवशी मला कळले की जी युक्ती सर्वांत हमखास असते, तीच कधीकधी सर्वांत मोठे नुकसान करते.

आपल्याकडील बहुतेक गोड्या पाण्यातील मासे पावसाळ्यात अंडी घालतात. पहिल्या पावसात ते प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. ठाणे आणि रायगडकडे याला 'वलगण' म्हणतात. त्या वेळी मासे अगदी सहज हाती लागतात. पण एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. समुद्रातही हेच आहे. म्हणून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत वेसावे आणि मढ येथील कोळी बांधव होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. ज्यांचे पोट माशांवर आहे, ते दोन महिने थांबतात. मग हौसेसाठी गळ टाकणाऱ्याने थांबू नये का?

कटला, रोहू आणि मृगळ यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना अंडी घालायला नदीचे वाहते पाणी लागते. साठलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात या माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. तेव्हापासून माशांचे बीज तयार करून तळ्यांत सोडणे सोपे झाले. म्हणजे तळ्यातला रोहू हा बहुधा कोणीतरी पैसे खर्चून सोडलेला असतो. तो न विचारता पकडणे योग्य नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांची परवानगी घ्या. विहार आणि तुळशी हे तलाव मुंबईला पिण्याचे पाणी देतात. तिथे गळ टाकायचा नाही. पवईच्या तलावात मगरी आहेत. तेव्हा काठावर एकटे जाऊ नका, पाण्यात उतरू नका, सोबत मोठे माणूस हवेच. ज्या पाण्यात सांडपाणी मिसळते, तेथील मासा खाऊ नका. पोट फुगलेली मादी किंवा अगदी लहान मासा गळाला लागला, तर हात ओले करून त्याला धरा, गळ अलगद काढा आणि सोडून द्या. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो आजारी पडतो. पावसाळ्यात गळ टाकायचाच असेल, तर चिलापीसाठी टाका. तो वर्षातून अनेकदा पिल्ले देतो आणि आपल्या देशी माशांची जागा अडवतो.

चांगला गळकरी पाणी वाचतो, वारा वाचतो, माशाची भूक ओळखतो. पण त्याला आणखी एक गोष्ट यावी लागते. ती म्हणजे योग्य वेळी गळ गुंडाळून ठेवणे. भिवंडीच्या त्या डबक्यावर मी आजही कधीतरी जातो. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पुंजका दिसला, की काठी खाली ठेवतो आणि नुसता बघत बसतो.

स्वाध्याय

१. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे पाण्याच्या कोणत्या थरांत अन्न शोधतात?
२. उन्हाळ्यात दुपारी मासे आमिष का घेत नाहीत?
३. "घराचा रखवालदार तू नेलास," असे मामू का म्हणाले?
४. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.
५. मराठीत आणि उर्दूत सारखे दिसणारे, पण अर्थ वेगळा असलेले तीन शब्द शोधून लिहा.